खनिजाचे पैसे : व्याज की मुद्दल?

मंडळाच्या कट्ट्यावर खाणींचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागातली मंडळी म्हणतात, खाण म्हणजे आमची चूल. ती बंद झाली तेव्हा काय हाल झाले ते पणजीत बसून कळायचे नाही. दुसरी बाजू म्हणते, डोंगर गेले, झरी गेल्या, शेतात लाल गाळ आला. ही कसली चूल? आता काही खाणींची चाके पुन्हा फिरू लागली आहेत, तेव्हा हा वाद आणखी काही वर्षे चालणार हे उघड आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, पण एक प्रश्न दोघांकडूनही सुटतो, तो हिशेबाचा. पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांचे अर्थशास्त्र नावाची जी शाखा आहे, तिच्यातली मूलतत्त्वे मोठी अवघड नाहीत. आम्ही बी.कॉम. होऊन आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या, अर्थशास्त्रज्ञ नव्हे. पण या शाखेतले निम्मे तर ताळेबंद वाचता येणाऱ्या कुणालाही कळावे असेच आहे. ते गोव्याच्या लोहखनिजाला लावून पाहू.

समजा, एका कुटुंबाकडे वीस लाखांची ठेव आहे आणि व्याज सात टक्के मिळते. वर्षाचे व्याज झाले एक लाख चाळीस हजार. पण कुटुंब दरवर्षी चार लाख काढून खर्च करते. पहिली काही वर्षे घरात आनंदीआनंद असतो. रंगकाम होते, लग्न थाटात होते, दारात गाडी येते. शेजारी म्हणतात, यांची मिळकत वर्षाला चार लाख. सातव्या वर्षी खात्यात काही उरत नाही. शेजाऱ्यांचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकला होता. मिळकत एक लाख चाळीस हजारच होती, बाकी मुद्दल मोडणे चालले होते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ साली मिळकतीची व्याख्या केली तिचा मतलब हाच आहे : ठरावीक काळात जेवढे खर्च करूनही काळाच्या शेवटी आपण सुरुवातीइतकेच सुस्थितीत राहतो, तेवढीच आपली मिळकत.

लोहखनिज ही अशीच ठेव आहे, आणि तिला व्याजही लागत नाही. आंब्याचे झाड दर हंगामाला फळ देते, मासळी पुरेशी शिल्लक ठेवली तर पुन्हा वाढते, खनिज मात्र एकदा बार्जीत भरले की संपले. मग त्याची विक्री ही मिळकत म्हणायची की मालमत्तेचे रोखीत रूपांतर? कोणीही हिशेबनीस दुसरेच उत्तर देईल. वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा कुणी पगारात धरत नाही. पण देशाच्या आणि राज्याच्या उत्पन्नाचे आकडे ज्या पद्धतीने निघतात, त्या पद्धतीत काढलेले खनिज सरळ उत्पन्नात जमा होते आणि डोंगराची घट कुठेच नावे पडत नाही. कारखान्याच्या यंत्राला घसारा असतो, डोंगराला नाही. उलट झरी आटली आणि गावात टँकर सुरू झाला की टँकरचे भाडे उत्पन्नात वाढ म्हणून दिसते. झरी फुकट वाहत होती तोवर तिची किंमत शून्य होती.

हेच कोडे खाणपट्ट्यातल्या शाखांतही दिसे. ट्रकच्या कर्जाचा प्रस्ताव आला की फेऱ्या किती, भाडे किती, डिझेल किती, हप्ता किती हे सगळे बारकाईने मांडले जाई. ट्रकचा घसाराही धरला जाई. ज्या खाणीवर ट्रक चालणार तिचे आयुष्य किती, याला मात्र छापील अर्जात रकानाच नव्हता. २०१२ साली खाणी अचानक थांबल्या आणि हजारो ट्रक दारापुढे उभे राहिले, तेव्हा त्या कोऱ्या जागेची किंमत कळली. २०१४ साली सरकारला कर्जमदतीची योजना आणावी लागली.

त्या थांबण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. पोर्तुगीज अमलात खाणींची कायमस्वरूपी कन्सेशने दिली गेली होती. मुक्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, १९८७ च्या कायद्याने, ती रद्द करून त्यांचे लीजमध्ये रूपांतर झाले. १९९० च्या दशकात निर्यात वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास होती. पुढे चीनची मागणी उसळली, पूर्वी टाकाऊ म्हणून डंपवर फेकलेले कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले, आणि २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून जाणारे खनिज पाच कोटी टनांच्या घरात पोचले. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला, लगोलग खाणी बंद झाल्या, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सर्व लीज २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, म्हणजे त्यानंतरचे खोदकाम बेकायदा होते. वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादाही घातली. त्यानंतर सरकारने केलेले ८८ लीजांचे नूतनीकरण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या.

आता किमतीकडे वळू. खनिजाच्या विक्रीभावातून खोदाई, वाहतूक, मजुरी आणि गुंतवणुकीवरचा रास्त नफा वजा केला की जे उरते ते कुणाच्याही कष्टाचे फळ नसते. ते खनिजाचे स्वतःचे मोल. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. आपल्याकडे हा शब्द नवा नाही, कूळ भाटकाराला देई तो खंडच. प्रश्न एवढाच की जमिनीखालच्या खनिजाचा भाटकार कोण? ते साऱ्या जनतेचे, पुढच्या पिढ्यांसकट, आणि सरकार केवळ विश्वस्त, ही भूमिका आम्हाला तरी निर्विवाद वाटते. मग विश्वस्ताने खंड पुरता वसूल केला का?

ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरची रॉयल्टी प्रतवारीनुसार टनामागे ठरावीक रुपयांत होती. बाजारभाव चढला तरी ती त्याबरोबर चढत नसे. त्या वर्षी ती मूल्याच्या दहा टक्के झाली आणि २०१४ मध्ये पंधरा टक्के. आयकर आणि निर्यातशुल्क वेगळे होते, ते केंद्राकडे जाई. पुढे २०१५ मध्ये खाणकायद्यात दुरुस्ती होऊन लीज लिलावानेच द्यायचे ठरले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातल्या पहिल्या चार गटांचा लिलाव झाला : डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले. बोली लागली ती खनिजाच्या मूल्याच्या टक्केवारीत, आणि चारही गटांत ती साठ टक्क्यांच्या वर गेली. ही रक्कम रॉयल्टीखेरीजची. काही बोल्या इतक्या चढ्या आहेत की त्या कशा परवडणार, अशी शंका आम्हालाही आहे. पण त्यातला अतिउत्साह वजा केला तरी एक गोष्ट उरते : ज्या मालावर विश्वस्त इतकी वर्षे दहा-पंधरा टक्के घेत होता, त्याच मालासाठी घेणारा स्वखुशीने कितीतरी जास्त द्यायला तयार होता. मधली रक्कम इतकी वर्षे कुठे गेली हे वेगळे सांगायला नको.

काढायचे तर केव्हा काढायचे, हाही प्रश्न असतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ साली संपणाऱ्या साधनांवर जो निबंध लिहिला त्याचा गाभा बँकेच्या भाषेत असा सांगता येईल : जमिनीतले खनिज हीही एक गुंतवणूक आहे. आज काढून आलेला खंड बँकेत ठेवला तर जे व्याज मिळेल, त्यापेक्षा जमिनीतच राहून त्याचे मोल वेगाने वाढणार असेल, तर मालक ते राहू देईल. कमी वेगाने वाढणार असेल तर काढील. प्रत्यक्षात भाव सरळ रेषेत चढत नाहीत. २०११ च्या सुरुवातीला लोहखनिज टनाला १८० डॉलरच्या वर होते आणि २०१५ संपता संपता ४० च्या खाली आले. पण विचाराची दिशा महत्त्वाची आहे. ‘न काढणे’ म्हणजे वाया घालवणे नव्हे, तोही धन राखण्याचा एक मार्ग आहे.

मात्र हा हिशेब कोण करतो यावर उत्तर बदलते. बँकेत वर्तमान मूल्य काढायची रीत आहे : पन्नास वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज किती मोलाचे? दहा टक्के दर धरला तर ८५ पैसे. चार टक्के धरला तर १४ रुपये. दोन टक्के धरला तर ३७ रुपये. ज्याला कर्जाचा हप्ता भरायचा आहे, ज्याच्या लीजची मुदत संपत आली आहे, ज्याला पाच वर्षांत निवडणुकीला उभे राहायचे आहे, त्याचा दर चढाच असणार, आणि त्याच्या लेखी आपल्या नातवाचे शंभर रुपये म्हणजे ८५ पैसे. समाजाला निवडणूक लढवायची नसते, म्हणून समाजाने कमी दर धरावा असे आमचे मत आहे. कुणाचा दर बरोबर यावर अर्थशास्त्रज्ञांत आजही भांडण आहे, आणि ते गणिताचे भांडण नाही.

तिसरे तत्त्व कदाचित सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, फक्त त्याला नाव नसेल. एक टन लोहखनिज काढायला आपल्याकडे अडीच-तीन टन माती आणि दगड उपसावा लागतो. तो जवळच डंपवर रचला जातो. गोव्याचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तो ही माती खाली ओहोळात आणि ओहोळातून शेतात नेतो. भूजलाच्या पातळीखाली खोदत गेले की खाणीत पाणी साठते, ते पंपाने बाहेर काढतात, आणि आसपासच्या विहिरींची पातळी उतरते. शिरगावात खाणी गावाला भिडल्या आणि विहिरींचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. लईराईच्या जत्रेला जाणाऱ्यांनी तिथले खड्डे पाहिलेच आहेत.

यातला कोणता खर्च खनिजाच्या किमतीत होता? शेतकऱ्याचे बुडालेले पीक नव्हते, विहीर नव्हती, ट्रकच्या धुळीने पोराला लागलेला खोकला नव्हता. ज्याने माल विकला त्याने हे भरले नाही, ज्याने घेतला त्यानेही नाही. भरले ते व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याने. अशा खर्चाला बाह्य खर्च म्हणतात. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली सुचवले की तेवढ्या रकमेचा कर त्या धंद्यावर बसवावा, म्हणजे किंमत खरी होईल. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही मान्य केले आहे. लक्षात घ्या, यात ‘धंदा बंद करा’ असे म्हटलेले नाही. खरा खर्च भरून जी खाण नफ्यात चालेल ती चालावी. जी चालणार नाही, ती मुळात शेजाऱ्याच्या खिशातून चालत होती.

बाह्य खर्चाचे आम्हाला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण खाणीपासून खूप दूरचे आहे. खनिज भरलेल्या बार्जी मांडवी आणि जुवारीतून मुरगावकडे जात. त्यांच्या लाटांचे तडाखे काठावरच्या खाजन शेतीच्या बांधांना बसत आणि बांध खचत. डोंगरातल्या खाणीचा खर्च समुद्राजवळच्या भातशेतीने भरला.

हे खाजन आमच्या नातवंडांपैकी बहुतेकांनी चालत्या गाडीतूनच पाहिले असेल, म्हणून थोडे सविस्तर. भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन मातीचे बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी सोडवली गेली. बांधाला ठिकठिकाणी मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच त्याची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर जाते. वीज नको, मोटार नको. पावसाळ्यात कोरगुटसारखे खारे सोसणारे भात, आत पोंयीत मासळी, आणि मानशीवर जाळे लावायच्या हक्काची पावणी. बांध, मानस, पोंय आणि शेत यांतले एक ढासळले की बाकीची तीनही जातात, त्यामुळे ही मालमत्ता एकेकट्याने सांभाळता येत नाही. ती सांभाळत असे गावकरी, म्हणजे ज्याला पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटले. १५२६ मध्ये अफोंसु मेशिया यांनी तिचे रिवाज लेखी नोंदवले, म्हणजे संस्था त्याहूनही जुनी. शेते लिलावाने कसायला दिली जात, आलेल्या पैशातून आधी बांध-मानशीचा आणि देवळाचा खर्च होई, आणि उरेल ते गावकरांत वाटले जाई. आधी देखभाल, मग लाभांश! कंपनीच्या संचालकांना हे शिकवावे लागते.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी एक गाजलेला निबंध लिहून सांगितले की सामायिक कुरणाचा नाश ठरलेलाच, कारण प्रत्येक जण आपले एक गुरू जास्त सोडणार. त्यावर एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामायिक जंगले, कालवे, कुरणे अभ्यासून दाखवले की जिथे हक्कदार कोण हे ठरलेले असते, नियम त्या जागेला साजेसे असतात, देखरेख आपलीच माणसे करतात आणि नियम मोडणाऱ्याला चढता दंड असतो, तिथे सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या गावकरीत होत्या.

सगळे सोन्याचे होते असे मात्र कुणी म्हणू नये. गावकर व्हायचे तर वंशाने आणि पुरुषानेच. चिखलात उभा राहून शेत कसणारा बहुधा वाटणीत नसे. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला तो न्यायाचाच होता. पण त्याने एक गाठ सुटली. जमिनीचा लाभ एकाकडे गेला आणि बांधाची जबाबदारी कूळसंघांकडे आली. मानशीची पावणी भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागली, तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी हवे तेव्हा आत घेतले गेले, कारण कोळंबी खाऱ्या पाण्यात वाढते. शेत खारावले, कसणारा कंटाळला, आणि पडीक शेताच्या बांधाची डागडुजी कोण करणार? न्याय आणि देखभाल एकाच कायद्यात बसवता आली असती असे आम्हाला वाटते, पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात नव्हते.

पुन्हा खनिजाकडे. मुद्दल काढायचेच असेल, आणि घरच्या गरजा पाहता काही काढावे लागणारच, तर त्या खंडाचे दुसऱ्या टिकाऊ मालमत्तेत रूपांतर करा, हा नियम कॅनडाच्या जॉन हार्टविक यांनी १९७७ साली मांडला. नॉर्वेने तो पाळला. तिथे खनिज तेलाच्या पैशासाठी १९९० साली कायदा करून निधी स्थापला, १९९६ साली त्यात पहिली रक्कम पडली, आणि २००१ पासून सरकार त्यातून केवळ अपेक्षित परताव्याएवढी रक्कम वापरते. आधी ती चार टक्के धरली होती, २०१७ मध्ये तीन केली. नाउरू या प्रशांत महासागरातल्या बेटाने उलटे केले. एकवीस चौरस किलोमीटरच्या त्या देशात फॉस्फेट होते आणि एके काळी दरडोई उत्पन्नात तो जगात अग्रेसर होता. निधी तिथेही होता, पण पैसा कुठेही घातला गेला, अगदी लंडनच्या एका संगीत नाटकातही. आम्ही स्वतः नाटकवेडे आहोत, पण पिढ्यांची ठेव त्यात घालू नये एवढे कळते. फॉस्फेट संपत आले तेव्हा निधीतही फारसे उरले नव्हते.

गोव्यातही आता असा निधी आहे. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवरच्या त्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीमूल्याचे दहा टक्के ‘गोवन आयर्न ओर परमनंट फंडा’त टाकायला सांगितले. खाणग्रस्त भागासाठीचा जिल्हा खनिज निधी वेगळा, तो २०१५ च्या दुरुस्तीतून आला. दहा टक्के हा आरंभ म्हणून ठीक आहे. पण साठ टक्क्यांवरच्या बोल्या पाहिल्यावर ते पुरेसे आहेत असे म्हणवत नाही. मुद्दल साठाचे असेल आणि दहाच परत ठेवले जात असतील, तर पन्नास आपण खातो आहोत.

आणि हे कागदोपत्री दिसतेही. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात खनिजाची रॉयल्टी ०८५३ या लेखाशीर्षाखाली, महसुली जमेच्या बाजूला असते. म्हणजे तिच्यातून पगार, वीजबिले, अनुदाने भागवता येतात आणि महसुली तूट कमी दिसते. याच सरकारने उद्या एखाद्या महामंडळातले आपले भाग विकले तर ती रक्कम भांडवली जमेत धरली जाईल, कारण मालमत्ता विकली. डोंगर विकला तर महसूल. मंडळाच्या वाचनालयात अर्थसंकल्पाची प्रत मिळवून ठेवावी असे आम्ही सचिवांना सुचवले आहे. आमदारांकडे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्यांनी रस्ता आणि नळ यांच्याबरोबर एवढे जरूर विचारावे, की ०८५३ खालच्या रकमेतला किती पैसा त्या वर्षी परमनंट फंडात गेला.